इसिडोर स्ट्रॉस: टायटॅनिकवर बुडालेला चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापारी

गलबतवाला

टायटॅनिकचं नाव निघालं की त्या वयस्कर जोडप्याचा उल्लेख कुणीतरी करतंच. नवऱ्याला सोडून बोटीत बसायला नकार देणारी बाई आणि तिचा नवरा. नवऱ्याची ओळख एका ओळीत उरकतात: न्यूयॉर्कच्या ‘मेसीज’ दुकानाचा मालक, गडगंज श्रीमंत. माणूस ६७ वर्षं जगला, आणि लोकांना त्यातले शेवटचे अडीच तास तेवढे माहीत. मला त्याचा धंदा जास्त रंजक वाटतो, म्हणून हा धागा. जहाजाचं शेवटी येईलच.

इसिडोरचा जन्म ६ फेब्रुवारी १८४५ चा, बव्हेरियाच्या राज्यातल्या ओटरबर्ग गावचा. घराणं ज्यू. बाप लाझारस १८४८ च्या क्रांतीच्या बाजूचा होता, आणि क्रांती फसल्यावर अशा माणसांना तिथे फार भवितव्य नव्हतं. १८५२ मध्ये तो एकटाच अमेरिकेला गेला आणि दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात घोडागाडीत माल भरून मळ्यामळ्यांवर फेरी करू लागला. म्हणजे चक्क फेरीवाला. टॅलबटन नावाच्या लहानशा गावात दुकान थाटलं आणि १८५४ मध्ये बायकापोरांना बोलावून घेतलं. इसिडोर तेव्हा नऊ वर्षांचा.

मग अमेरिकेचं यादवी युद्ध, उत्तर विरुद्ध दक्षिण. १८६२ मध्ये टॅलबटनच्या ग्रँड ज्युरीने (कोर्टाने नेमलेल्या नागरिकांच्या मंडळाने) ठराव केला की ज्यू व्यापारी युद्धाचा फायदा उठवून लोकांना लुबाडतात. गावात ज्यू व्यापारी कितीसे? लाझारसने मुकाट्याने गाशा गुंडाळायला घेतला. तेव्हा ठरावावर सह्या करणारेच त्याच्या दारात आले, ‘अहो, तुम्हाला उद्देशून नव्हतं ते, तुम्ही जाऊ नका’ म्हणून. तो थांबला नाही. कुटुंब कोलंबस शहरात गेलं. १८६५ च्या एप्रिलमध्ये उत्तरेच्या घोडदळाने ते शहर जाळलं, कापसाची गोदामं गेली, आणि स्ट्रॉस मंडळी पुन्हा शून्यावर आली.

इसिडोर तेव्हा युरोपात होता. १८६३ मध्ये, अठराव्या वर्षी, उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांना घातलेली नाकेबंदी चुकवून जहाजं विकत घ्यायला निघालेल्या एका मंडळाचा चिटणीस म्हणून गेला. ती योजना बारगळली. पोराने घरची वाट धरायच्या ऐवजी दक्षिणेच्या सरकारचे रोखे विकायला सुरुवात केली आणि युद्ध संपल्यावर दहा-बारा हजार डॉलरचं सोनं गाठीला बांधून परतला. हरणाऱ्या सरकारचे कागद विकून सोनं कमावणं, तेही विशीच्या आत! कौतुक करायचं की भुवया उंचवायच्या, तुम्ही ठरवा.

न्यूयॉर्कला आल्यावर बापाने पहिलं काय केलं, तर युद्धाआधी उत्तरेतल्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर घेतलेल्या मालाचे पैसे चुकते केले. दक्षिणेतल्या कित्येक दुकानदारांनी युद्धाचं निमित्त करून हात वर केले होते. ज्यांचे पैसे अडकले होते त्यांनाही बहुधा ते मिळण्याची आशा नव्हती. त्यानंतर ‘एल. स्ट्रॉस अँड सन्स’ नावाने चिनी मातीची आणि काचेची भांडी आयात करायचा धंदा सुरू झाला तेव्हा गाठीला मुलाचं सोनं होतं आणि बाजारात बापाची पत. माझ्या मते पुढचं सगळं ह्या दोन गोष्टींवर उभं राहिलं.

१८७४ मध्ये इसिडोरचा धाकटा भाऊ नेथन रोलंड मेसीच्या दुकानात गेला. हा मेसी तरुणपणी व्हेल मारणाऱ्या जहाजावर खलाशी होता. दुकानाचं चिन्ह असलेला लाल तारा त्याच्या गोंदणातला, असं सांगतात. १४व्या रस्त्यावरच्या त्याच्या दुकानाचं तळघर स्ट्रॉस मंडळींनी भांड्यांसाठी घेतलं. जागा अवघी २५ फूट बाय १०० फूट. थोड्याच वर्षांत अख्ख्या दुकानात सगळ्यात जास्त कमाई त्या तळघराची होऊ लागली. १८७७ मध्ये मेसी पॅरिसला वारला. १८८८ मध्ये स्ट्रॉस बंधू भागीदार झाले आणि १८९६ मध्ये दुकान पूर्ण त्यांचं झालं. पोटभाडेकरू घरमालक झाला म्हणा ना. मधल्या काळात, १८९३ मध्ये, ब्रुकलिनच्या एका मोठ्या दुकानातही भागी घेऊन झाली होती. तेच पुढे ‘अब्राहम अँड स्ट्रॉस’.

१९०२ मध्ये दुकान ३४व्या रस्त्यावर, हेराल्ड स्क्वेअरला हललं. लाकडी सरकते जिने, ३३ लिफ्ट, सगळा थाट.

राजकारणातही डोकावून आला. अध्यक्ष क्लीव्हलंडशी घरोबा होता. जानेवारी १८९४ ते मार्च १८९५ अमेरिकन काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा सदस्य, डेमोक्रॅटिक पक्षाचा. आयात कर कमी व्हावेत ही मुख्य मागणी. (भांडी आयात करणारा दुसरं काय मागणार!) पुन्हा उभा राहिला नाही. राजकारणाची खरी हौस सगळ्यात धाकट्या ऑस्करला. तो थिओडोर रूझवेल्टच्या मंत्रिमंडळात गेला आणि अमेरिकेचा पहिला ज्यू मंत्री ठरला.

१८७१ मध्ये इसिडोरचं आयडा ब्लूनशी लग्न झालं. तीही जर्मनीतली, वर्म्स शहरची, आणि वाढदिवस दोघांचा एकच, ६ फेब्रुवारी; ती चार वर्षांनी लहान. सात मुलं, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं.

१९१२ चा हिवाळा दोघांनी युरोपात काढला आणि १० एप्रिलला साउथॅम्प्टनहून टायटॅनिकवर चढले. केबिन सी-५५ आणि ५७. बरोबर इसिडोरचा नोकर जॉन फार्दिंग आणि आयडाची नुकतीच ठेवलेली मोलकरीण एलन बर्ड. थोरला मुलगा जेसी त्याच सुमारास ‘अमेरिका’ नावाच्या जर्मन जहाजाने उलट दिशेने युरोपला चालला होता. आईबापांनी त्याला बिनतारी संदेश पाठवला: प्रवास छान, जहाज छान, तब्येत छान, तिकडची काय खबर? १४ एप्रिलला दुपारी त्याच ‘अमेरिका’ जहाजाने दोन मोठे हिमनग दिसल्याची सूचना टायटॅनिकमार्फत पुढे किनाऱ्याला धाडली.

रात्री ११:४० ला धडक. पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण वाचलेल्यांनी सांगितलेलं नेमकं लिहितो, कारण त्यावर पुटं फार चढली आहेत. ८ नंबरच्या बोटीपाशी आयडा चढू लागली आणि मागे फिरली. कर्नल ग्रेसी आणि ह्यू वूलनर ह्या दोन सहप्रवाशांनी इसिडोरला म्हटलं की तुमच्या वयाच्या माणसाला बोटीत घ्यायला कुणाची हरकत असणार नाही. इतर पुरुषांच्या आधी मी जाणार नाही, असं तो म्हणाला. इतकी वर्षं बरोबर काढली, तुम्ही जाल तिथे मी, असं आयडाने त्याला सांगितलं. एलनला तिने बोटीत बसवलं आणि स्वतःचा फरचा कोट तिच्या अंगावर घातला, मला आता ह्याचा उपयोग नाही म्हणून.

इसिडोरचा देह शोधासाठी पाठवलेल्या ‘मॅके-बेनेट’ जहाजाला सापडला, क्रमांक ९६. आयडा सापडली नाही.

——

सईची_आई

सुरेख लिहिलंय. वाचनखूण साठवली. त्या फरच्या कोटाचं पुढे काय झालं? एलन वाचली ना?

——

गलबतवाला

वाचली. नंतर ती कोट परत द्यायला स्ट्रॉसांच्या थोरल्या मुलीकडे, साराकडे गेली. साराने घेतला नाही. आईने तुला दिला, तुझाच आहे, म्हणाली. फार्दिंग मात्र बुडाला, आणि त्याच्याबद्दल दोन ओळींच्या वर कुणी लिहीत नाही.

——

तर्कटशास्त्री

लेख माहितीपूर्ण, पण एक मोठी गोष्ट तुम्ही सफाईने गाळलीत. १८५४ ते १८६५ जॉर्जियात दुकान चालवणारं घर म्हणजे गिऱ्हाईक कोण? मळेवाले. मळ्यांवर काम करणारे कोण? गुलाम. आणि ज्यांचे रोखे इसिडोरने युरोपात विकले ते सरकार कशासाठी लढत होतं? ‘भुवया उंचवायच्या की कौतुक’ एवढ्यावर भागत नाही हो.

——

गलबतवाला

शास्त्रीबुवा, मुद्दा रास्त आहे आणि त्याच्या पुढचंही सांगतो. घरात गुलाम होते. ऑस्करने आपल्या आठवणींत लिहिलंय की वडील आधी मालकांकडून गुलाम भाड्याने घ्यायचे, नंतर त्यांच्याच विनवणीवरून एकेकाला विकत घेतलं. ‘त्यांच्याच विनवणीवरून’ हे मालकाच्या मुलाचं म्हणणं. विकल्या गेलेल्यांचं म्हणणं कुणी लिहून ठेवलेलं नाही. इसिडोर तर दक्षिणेच्या सैन्यातही जायला निघाला होता, वय कमी म्हणून परत पाठवला. स्वतः एका ठिकाणी पराया ठरलेलं घर दुसऱ्या ठिकाणी मालकांच्या रांगेत बसलं, हे ह्या चरित्रात आहेच. नंतरच्या दानधर्माने ते पुसलं जातं असं मी म्हणणार नाही.

——

बोहरीआळीकर

आमचं तीन पिढ्यांचं भांड्यांचं दुकान, त्यामुळे तळघराचा भाग दोनदा वाचला. काचेच्या आणि चिनी मातीच्या मालात टक्का बरा सुटतो, पण पेटी उघडल्यावर फुटकं किती निघेल ह्याचा नेम नाही. कापडवाल्याला हे दुखणं नाही. म्हणून मेसीने तो माल स्वतः न भरता दुसऱ्याच्या गळ्यात घातला असणार. फुटलं तर स्ट्रॉसचं, विकलं तर मेसीला वाटा आणि वर गर्दी फुकट. आणि स्ट्रॉस स्वतःच आयातदार असल्यामुळे मधला दलाल नाही. दोघांचाही हिशेब पक्का.

एक विचारायचं होतं, एवढ्या मोठ्या दुकानात उधारी कशी सांभाळायचे?

——

गलबतवाला

बोहरीआळीकर, हे आवडेल तुम्हाला: मेसीजमध्ये उधारीच नव्हती. ‘आज रोख, उद्याही रोख’. न्यूयॉर्कची बाकीची बडी दुकानं शेठाणींची खाती लिहून ठेवायची. मेसीजवाले म्हणायचे, आम्ही उधारी देत नाही म्हणून बुडीत खातं नाही, म्हणून आमचा भाव इतरांपेक्षा सहा टक्के कमी. पाच डॉलरच्या वस्तूला ४.९८ अशी पाटी लावायची पद्धतही तिथे जुनी. बाटाच्या पाट्या आठवा.

पण रोख बाळगायचा श्रीमंत गिऱ्हाइकांना कंटाळा. मग स्ट्रॉस बंधूंनी उलटी खाती काढली. गिऱ्हाइकाने आधी दुकानात पैसे ठेवायचे, त्यावर व्याज मिळणार, आणि खरेदी त्यातून वळती व्हायची. म्हणजे दुकानदाराने उधारी द्यायच्या ऐवजी गिऱ्हाइकाकडूनच भांडवल उचललं.

——

बोहरीआळीकर

वर व्याज देऊन! आमच्या आजोबांना हे ऐकवायला हवं होतं.

——

जर्सीची_मावशी

हेराल्ड स्क्वेअरला नेहमी जाणं होतं, त्यामुळे थोडी भर. त्या दुकानाने अख्खा चौक व्यापलाय, पण ब्रॉडवे आणि ३४व्या रस्त्याच्या नेमक्या कोपऱ्यावर एक चिमुकली इमारत मध्ये घुसलेली दिसते. मेसीज जागा गोळा करत असताना तो कोपरा रॉबर्ट स्मिथ नावाच्या माणसाने ३,७५,००० डॉलरला मधल्यामध्ये उचलला. तो म्हणे प्रतिस्पर्धी दुकानदार सीगलसाठी काम करत होता, आणि त्यांना बदल्यात मेसीजची १४व्या रस्त्यावरची जुनी जागा हवी होती. स्ट्रॉस बंधूंनी सरळ कोपरा सोडून भोवतीने दुकान बांधलं. १९११ मध्ये तो टीचभर कोपरा दहा लाख डॉलरला विकला गेला. पुढे कित्येक वर्षं मेसीजने त्याच इमारतीवर आपली जाहिरात लावली, भाडं भरून.

लाकडी जिने अजून चालतात. खडखड आवाज करत वर नेतात, साडीचा पदर मात्र सांभाळा.

——

कापूसकोंड्या

धागाकर्त्याने मुंबईचा धागा हातात येऊन सोडून दिला! ज्या युद्धात स्ट्रॉसांचं दुकान बुडालं त्याच युद्धाने मुंबई श्रीमंत केली. उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा ठेवायचा कुठे? मग शेअर. शेअरदलाल प्रेमचंद रायचंदच्या नावावर बँका कर्ज वाटत सुटल्या. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे भरणी कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं, लिव्हरपूलला कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांची पुरती तारीख आली तेव्हा मुंबईत भल्याभल्यांची दिवाळखोरी निघाली. बँक ऑफ बॉम्बेदेखील गुंडाळावी लागली.

बघा, इसिडोर जे रोखे विकत होता त्यांची किंमतही शेवटी कापसावरच टेकलेली. दक्षिणेच्या सरकारने १८६३ मध्ये युरोपात काढलेलं मोठं कर्ज तर थेट कापसाच्या तारणावर होतं. एकाच बातमीकडे कोलंबस, लंडन आणि मुंबईचे व्यापारी डोळे लावून बसलेले. विशीतला हा पोरगा वेळेत बाहेर पडला आणि आपले कसलेले शेठ अडकले.

——

तर्कटशास्त्री

कापूसकोंड्या, जबरी. ह्यावर स्वतंत्र लिहा.

मूळ विषयावर अजून एक. जोडप्याच्या त्यागाचं कौतुक ठीक, पण आकडे बघा. ब्रिटिश चौकशीच्या अहवालात पहिल्या वर्गातल्या १४४ बायकांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गातल्या १६५ पैकी ७६. आयडाला जागा नाकारायची तरी सोय होती. तळमजल्यावरच्या कित्येक बायकांना बोटीपर्यंत वाटच सापडली नाही.

——

गलबतवाला

आकडे बरोबर. त्या चौघींतली एक आयडा. आणि २० बोटींत मिळून जागाच ११७८ माणसांची, जहाजावर २२०० च्या आसपास. तरी ८ नंबरची बोट अर्धीही न भरता सोडली, हे वाचून जास्त चीड येते.

इसिडोरच्या नकाराबद्दल मात्र एवढं म्हणेन की पहिल्या वर्गातल्या पुरुषांपैकी तिघांत एक वाचला, जहाज कंपनीचा प्रमुख इस्मेसुद्धा. म्हणजे त्या वर्गात बोटीत बसणं अशक्य नव्हतं. त्याला तर जागा देऊ केली होती आणि देणारे लोक प्रतिष्ठित होते. ‘बायका-मुलं आधी’ हा नियम आणि ‘म्हाताऱ्याला चालेल’ ही सवलत, ह्यातली सवलत त्याने घेतली नाही. ज्या घराने कुणी मागत नसलेली उधारी फेडली त्या घरातला माणूस आहे, म्हणून मला त्याचं फार आश्चर्य वाटत नाही.

——

नाखवा_रेवस

सिनेमात तर दोघं बिछान्यात मिठी मारून पडलेली दाखवलीत आणि पाणी आत येतंय. खरं काय?

——

गलबतवाला

ती सिनेमाची कल्पना. त्यांना शेवटचं पाहणाऱ्यांनी डेकवर पाहिलं. सापडलेल्या देहावर काय होतं त्याची नोंद कॅनडातल्या हॅलिफॅक्सला आहे, देह तिथेच आणले होते: फरचं अस्तर लावलेला ओव्हरकोट, राखाडी विजार, तपकिरी बूट, काळे रेशमी मोजे. खिशात सोन्याचं घड्याळ, प्लॅटिनम-मोत्यांची साखळी, चांदीची सुरई, हुंगायच्या क्षारांची चांदीची बाटली, ४० पौंडांच्या नोटा. थंडीत बाहेर उभं राहायला निघालेल्या माणसाचे कपडे आहेत हे. घेरी आल्यावर हुंगायची ती बाटली त्या काळी बहुधा बायका जवळ बाळगत. आयडाची असेल का, असं माझ्या मनात येतं, पुरावा काही नाही.

——

सईची_आई

ते घड्याळ मध्यंतरी लिलावात विकलं ना? बातमी वाचली होती.

——

जर्सीची_मावशी

हो, नोव्हेंबर २०२५ मध्ये, इंग्लंडमध्ये. १७.८ लाख पौंड! टायटॅनिकच्या कुठल्याच वस्तूला आजवर एवढी किंमत आली नव्हती. आयडाने १८८८ मध्ये त्याच्या ४३व्या वाढदिवसाला दिलेलं, अठरा कॅरटचं. म्हणजे भागीदार झाला त्याच वर्षी. त्याच लिलावात आयडाने टायटॅनिकवरून लिहिलेलं एक पत्रही गेलं, केवढं प्रचंड आणि थाटाचं जहाज आहे वगैरे कौतुकाचं.

——

नाखवा_रेवस

भारतातून कुणी होतं का त्या जहाजावर?

——

कापूसकोंड्या

भारतीय म्हणून नाही सांगता येणार, पण इथून निघालेली माणसं होती. अ‍ॅनी फंक नावाची अमेरिकन मिशनरी मध्य प्रांतात, जांजगीरला (आता छत्तीसगड), मुलींची शाळा चालवायची. आई आजारी असल्याची तार आली म्हणून मुंबईहून बोट धरून इंग्लंडला गेली. तिचं तिकीट ‘हॅवरफर्ड’ जहाजाचं होतं. ब्रिटनमध्ये कोळसा खाणींचा संप असल्यामुळे ते निघेना, म्हणून वरचे पैसे भरून टायटॅनिकवर बदलून घेतलं. १२ एप्रिलला जहाजावर ३८ वर्षांची झाली. वाचली नाही. गुंटूरहून निघालेलं बेकर कुटुंब मात्र, आई आणि तीन मुलं, सगळं वाचलं.

——

गलबतवाला

धन्यवाद, फंकबाईंचं मला अर्धवटच माहीत होतं.

राहिलेल्या दोन गोष्टी. एक, मेसीजची मालकी पुढे इसिडोरच्या मुलांकडे गेली, नेथन बाहेर पडला. नेथनचं नाव दुकानापेक्षा गरीब मुलांना पाश्चराइज केलेलं दूध स्वस्तात पुरवण्यासाठी जास्त घेतात. इस्रायलमधलं नेतान्या शहर त्याच्याच नावाचं. ह्याच नेथनचा मुलगा हायडेलबर्गला शिकताना ऑटो फ्रँकचा मित्र होता. त्या ओळखीवर ऑटोने तरुणपणी मेसीजमध्ये उमेदवारी केली. १९४१ मध्ये त्याच मित्राला अमेरिकेच्या व्हिसासाठी पत्रं लिहिली, पण व्हिसा मिळाला नाही. हो, अ‍ॅन फ्रँकचे वडील.

दोन, न्यूयॉर्कला जाणाऱ्यांसाठी. मेसीजच्या ३४व्या रस्त्याकडच्या दारापाशी नोकरांनी वर्गणी काढून लावलेली पाटी आहे. ब्रॉडवेवर १०६व्या रस्त्याला स्ट्रॉस पार्क आहे, त्यांच्या राहत्या घरापासून हाकेच्या अंतरावर. १५ एप्रिल १९१५ ला उघडलं. १ नंबरच्या भुयारी गाडीने १०३व्या रस्त्याला उतरा आणि तीन गल्ल्या चालत जा. थडगं ब्रॉन्क्सच्या वुडलॉन दफनभूमीत.

कापूसकोंड्या, तुमचा शेअरवाला धागा कधी येतोय? इथेच चालू केलात तर शास्त्रीबुवा आणि तुम्ही मिळून माझा इसिडोर बाजूला साराल.

——

कापूसकोंड्या

काढतो रविवारी. नावच तसं घेतलंय, आता गोष्ट सांगितल्याशिवाय सुटका नाही.